आधीच लिहून ठेवलेलं राज्य

ठरावकर हे त्यांचं आडनाव नव्हे. बागबगीचे मंडळाच्या कचेरीत बावीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहून लिहून ते नाव त्यांना चिकटलं, आणि आता एखाद्या पाकिटावर खरं आडनाव दिसलं की त्यांनाच क्षणभर वाटतं, हा कोण बुवा.

शहरातल्या बागांमध्ये बाकं कुठं टाकायची, हिरवळीवर कुणी चालायचं आणि कुणी नाही, कारंजं किती वाजता बंद करायचं, हे ठरवणारं ते मंडळ. अकरा सदस्य, एक अध्यक्ष, महिन्यातून दोन सभा. आणि सभेत काय झालं ते लिहायला ठरावकर. आता कुणालाही वाटेल, आधी सभा होते आणि मग इतिवृत्त लिहितात. बाकी जगात तसंच असेल. मंडळात ठरावकर आदल्या दिवशीच इतिवृत्त लिहून, टंकून, टाचून तयार ठेवत. 'विषय क्रमांक तीनवर सखोल चर्चा झाली. सदस्यांनी मौलिक सूचना मांडल्या. सर्वानुमते मंजूर.' दुसऱ्या दिवशी अध्यक्ष खुर्चीत बसायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि घशातल्या घशात विचारायचे, "हं, काय म्हणालो मी?" ठरावकर वाचून दाखवायचे. अध्यक्ष मान डोलवायचे, "वा, बरं बोललो की." मग सह्या, चहा, बिस्किटं, आणि सतराव्या मिनिटाला सगळे जिन्यात.

बावीस वर्षांत लिहिलेल्यापेक्षा वेगळं कुणी बोललं नाही. एकदा एका सदस्यांनी नव्या झोपाळ्यांबद्दल 'मनापासून आनंद व्यक्त केला', तेव्हा ते खरं तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड वासून बसले होते. पुढच्या सभेत त्यांनी ते वाचलं, जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाले, हो हो, झाला होता खरा आनंद.

असा हा माणूस. वय सत्तेचाळीस, लग्न झालेलं नाही, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल कधी लागलंच नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिथं ते आणि त्यांची मोठी बहीण. ताई शाळेत ग्रंथपाल होती, आता निवृत्त. तिचा गुडघा दुखतो म्हणून ती जिना टाळते आणि घरातल्या घरात राज्य करते. निदान ठरावकरांचा तसा समज होता.

तर या ठरावकरांना गेल्या वर्षी एक वेड लागलं. फोनवर कसलीशी जाहिरात बंद करायला गेले आणि भलतंच उघडलं. तो होता एक ऑनलाइन लेखनकट्टा. तिथं दोघादोघांनी मिळून अद्भुत गोष्टी लिहायच्या. एकानं एक पात्र घ्यायचं, दुसऱ्यानं दुसरं. मी माझ्या पात्राच्या चार ओळी लिहिणार आणि थांबणार, मग तू तुझ्या पात्राचं लिहिणार. पुढं काय होणार हे दोघांनाही ठाऊक नसतं, आणि मजा असते ती त्यातच. नियम मुळात एकच. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. ते काय करतं, काय बोलतं, ते ज्याचं त्यानं लिहायचं.

ठरावकरांनी तिथं 'वज्रबाहू' असं नाव घेतलं. घरी बरणीचं झाकण घट्ट बसलं की वज्रबाहू ताईला हाक मारायचे, पण ते कट्ट्यावर कुणाला दिसणार होतं?

त्यांना जोडीला मिळालं ते कोळिष्टक. हेही टोपणनावच. त्याच्यामागे बाई आहे की बुवा, सोळा वर्षांचं आहे की साठीचं, कुणास ठाऊक. त्यानं सांगितलं नाही आणि ठरावकरांना विचारायचा धीर झाला नाही. कोळिष्टकाचा पहिला निरोप असा होता की, ए, तुझी जाहिरात वाचली, शूर सेनापती घेऊन बसलायस म्हणे, माझ्याकडे एक चोर आहे, ती लोकांच्या सावल्या चोरते, जमेल का? ठरावकरांनी उत्तराला दीड दिवस घेतला. 'आपला चौदा तारखेचा संदेश पोचला. आपल्या प्रस्तावाचे स्वागत आहे.' त्यावर कोळिष्टकानं हसून लोळणारी चार तोंडं पाठवली. ठरावकर समजले, प्रस्ताव संमत झाला.

पण सुरू करण्याआधी थोडा आराखडा हवा, असं त्यांनी सुचवलं. कोळिष्टक म्हणालं, चालेल, दोन दिवस घे. त्या दोन दिवसांचे पाच महिने झाले.

आधी नकाशा झाला. नकाशातल्या नद्यांना क्रमांक पडले. डोंगरांच्या अ, ब आणि क अशा श्रेण्या लागल्या. जादूगारांची ज्येष्ठतायादी तयार झाली आणि तीत दोन जादूगार एकाच दिवशी रुजू झालेले निघाले, तेव्हा त्या घोळात आठवडा गेला. परी रजेवर गेली तर तिचा पदभार कुणाकडे, हे ठरलं. ड्रॅगनच्या कामाच्या वेळा ठरल्या, साडेदहा ते साडेपाच, मध्ये अर्धा तास सुट्टी. आग ओकायची असेल तर तीन दिवस आधी अर्ज करायचा, त्याचा नमुनाही जोडला. कोळिष्टकानं विचारलं, "वज्र्या, ड्रॅगन हा अर्ज कुठल्या हातानं भरतो?" दुसरा कुणी ओशाळला असता. ठरावकरांनी दोन दिवस गंभीरपणे विचार केला आणि पुरवणी जोडली, 'ड्रॅगनला लेखनिक पुरवण्यात येईल.'

कोळिष्टक त्यांची टर उडवायचं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ते वाचायचं. ही गोष्ट ठरावकरांच्या आयुष्यात नवी होती. मंडळातल्या लोकांनी त्यांच्या कागदांवर सह्या केल्या होत्या, वाचलं कुणीच नव्हतं. कोळिष्टक पान एकेचाळीसवर बोट ठेवायचं. सात नंबरची नदी डोंगर चढतेय रे, म्हणायचं. सेनापतीला एक तरी मित्र दे ना, बिचारा जेवतो कुणाबरोबर, म्हणायचं. दुपारी जुन्या फायलींच्या खोलीत, दोन कपाटांच्या फटीत उभं राहून ठरावकर हे निरोप वाचायचे आणि एकटेच हसायचे. शिपायानं बाहेर जाऊन सांगितलं, साहेबांना बढती मिळाली वाटतं. मग सगळे अभिनंदन करायला आले आणि ठरावकरांनी सवयीनं सगळ्यांचे आभार मानले.

आणि मग एका गुरुवारी कोळिष्टकाचा निरोप आला.

"ऐक. पाच महिने झाले. एकशे बारा पानं झाली. माझी चोर अजून वेशीबाहेर उभी आहे, तिचे पाय दुखायला लागले. रविवारी दुपारी चार वाजता आपण सुरू करतोय. नसेल जमत तर मला आणखी एकानं विचारलंय, त्याला हो सांगून टाकेन."

उपसमिती नेमता येईल का, असं ठरावकरांनी लिहून पाहिलं. उत्तर आलं, नाही. मुदतवाढ? नाही. हा जो दुसरा एक होता, त्याचाही सेनापती असेल का, आणि तो उंच असेल का, या विचारानं ते शुक्रवारी इतके भांबावले की सभेच्या कागदात 'कारंज्याने सदस्यांचे आभार मानले' असं लिहून बसले. ते सर्वानुमते मंजूर झालं.

ताईनं संध्याकाळी ताट वाढता वाढता विचारलं, कोण आहे रे ती? ठरावकर म्हणाले, ती नाही ताई, ते कोळिष्टक आहे. ताईनं एकदा छताच्या कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

शनिवारी ठरावकरांनी तेच केलं, जे कुठल्याही महत्त्वाच्या सभेच्या आदल्या दिवशी करत आले होते. टेबल पुसलं, पेन झटकलं आणि लिहायला बसले. कोळिष्टक घाईत आहे ना? मग त्याचा वेळ वाचवायला हवा. रविवारी चार वाजता जे काही व्हायचं आहे, ते आपण आजच व्यवस्थित लिहून ठेवलं तर चार वाजून सतरा मिनिटांनी कामही संपेल आणि दुसऱ्या सेनापतीचा प्रश्नही उरणार नाही. नियम त्यांना पाठ होता. त्यांनीच आराखड्यातल्या नियमावलीत तो चाळीस कलमांपैकी पहिलं कलम म्हणून घातला होता. पण आपण चोराला हात कुठं लावतोय? ती जे करणारच आहे, त्याची आपण फक्त नोंद घेतोय. इतका साधा विचार त्यांच्या मनात इतक्या सरळपणे आला की त्यात काही गैर असेल ही शंकासुद्धा जवळ फिरकली नाही.

सव्वीस परिच्छेद झाले. तेरा सेनापतीचे आणि तेरा चोराचे.

'सेनापती वेशीवर उपस्थित झाले. सावल्यांच्या चोराने त्यांचे स्वागत केले. सेनापतींनी परिस्थितीचा आढावा घेतला. चोराने आपल्या कृत्याबद्दल खेद व्यक्त केला. सेनापतींच्या शौर्याबद्दल तिने समाधान व्यक्त केले आणि सर्व सावल्या संबंधितांना परत करण्याचे मान्य केले.' आणि सगळ्यात शेवटी, 'ड्रॅगनने आभार मानल्यावर प्रसंग संपला.' खाली एक रेघ मारून, 'वाचून कायम करावे.'

रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फोनला शर्ट दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, तरी घातला. चारला पाच मिनिटं कमी असताना सव्वीसच्या सव्वीस परिच्छेद पाठवून दिले आणि हात जुळवून टेबलाशी बसले, सही होऊन कागद परत यायची वाट बघत.

चार वाजून नऊ मिनिटांनी उत्तर आलं.

"हे काय आहे?"

'पहिला प्रसंग. आपला वेळ वाचावा म्हणून.'

"माझी चोर खेद व्यक्त करते?"

'तपशिलात बदल सुचवता येतील.'

मग एकदम आलं. "ती तुझ्याशी काय करेल ते मलाही माहीत नव्हतं, वज्र्या. तेच बघायचं म्हणून पाच महिने तुझ्या नद्या मोजल्या. आणि तू माझ्या वतीनं हो म्हणून मोकळा झालास. मला विचारलंस का?"

ठरावकरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. विचारायची पद्धत नव्हती.

"एक संधी देईन. तुझं ते सगळं मी पुसतेय असं समज. ही माझी ओळ," असं म्हणून कोळिष्टकानं लिहिलं, 'चोरानं सेनापतीची सावली पायापासून सोलून काढली, घडी घातली आणि खिशात टाकली.' आणि खाली, "आता तुझी पाळी. पाच मिनिटं. एकच ओळ. तीही तुझ्या सेनापतीचीच."

'पुसतेय' म्हणजे बाई आहे की काय, हा विचार एरवी ठरावकरांना आठवडाभर पुरला असता. आत्ता त्याला जागाच नव्हती. पाच मिनिटं, आणि समोर कोरा चौकोन. 'सेनापतींनी या कृत्याचा तीव्र निषेध', एवढं लिहिलं आणि पुसलं. 'हे पाहून चोराला पश्चात्ताप', हे लिहिता लिहिताच कळलं की ही परत तिचीच ओळ झाली, तीही पुसली. पुढं काय होणार ते माहीत नसताना त्यांनी आयुष्यात एक वाक्य लिहिलेलं नव्हतं. आणि ओळ गेली नाही तर कोळिष्टक जाणार, हे मात्र पक्कं माहीत होतं. दोन मिनिटं संपल्यावर ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. ताई खुर्चीवर बसून मटार सोलत होती, एक पाय समोरच्या स्टुलावर लांब केलेला.

"ताई, कुणी तुला न विचारता तुझी सावली काढून घेतली, तर तू काय करशील?"

ताईनं मान वर केली नाही. "काय करणार? बसून राहीन. परवा बसले होते तशी."

"परवा कधी?"

"डॉक्टरांकडे. त्यांनी मला विचारलं, गुडघा कसा आहे. तू म्हणालास, ताईंना आता पुष्कळ बरं वाटतंय. त्यांनी ते लिहून घेतलं आणि गोळ्या बंद केल्या. मी तिथंच होते, बाळ. समोरच्या खुर्चीत. गुडघ्यासकट."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं बोलून झालं होतं ना. तूच बोललास."

आणि मग हातातलं काम न थांबवता, आवाज न चढवता, ग्रंथालयात पुस्तकांची यादी वाचावी तसं तिनं एकेक काढलं. खालच्या मजल्यावरच्या वाचनमंडळाला यानंच कळवलं होतं की ताईंना जिना झेपत नाही, त्यांना बोलावू नका; एक मजला खाली उतरणं तिला झेपत होतं. मावसबहिणीला सुट्टीभर तिची दोन कार्टी इथं ठेवायला यानंच आनंदानं होकार दिला, ताईच्या आनंदानं. पडद्यांच्या दुकानात ती पिवळ्या कापडाला हात लावून उभी होती, तेवढ्यात हा दुकानदाराला म्हणाला, आमच्या ताईंना राखाडी आवडतो.

"चार वर्षं झाली, राखाडी बघतेय मी," ताई म्हणाली.

ठरावकरांनी पडद्याकडे पाहिलं. खरंच राखाडी होता.

"दुखतो का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"गुडघा."

"दुखतो. उतरताना जास्त. आता जा, तुझी पाच मिनिटं संपतील."

पाच मिनिटांचं तिला कसं कळलं, तर ठरावकर सगळं मोठ्यानं पुटपुटत लिहितात, आणि भिंती काही गडाच्या नव्हेत. ते धावत परत आले. चाळीस सेकंद उरले होते. तीव्र सुचेना, मौलिक सुचेना. मग जे खरोखर चाललं होतं, तेच त्यांनी लिहिलं. 'सेनापतीला काय करावं ते सुचलं नाही. तो तसाच उभा राहिला आणि चोराकडे बघत राहिला.' पाठवल्यावर लक्षात आलं की सेनापतींचा 'तो' झालाय. कानाच्या पाळ्या तापल्या.

मग आलं, "हं."

आणि त्यापाठोपाठ, 'चोर गोंधळली. लोक ओरडतात, तलवार उपसतात, हा नुसता बघतोय. तिनं विचारलं, जेवलायस का?'

सेनापती जेवला नव्हता. ठरावकरांना हे त्याच क्षणी कळलं, लिहिता लिहिता, आणि इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर थाप मारली. त्यानंतरचा सव्वा तास कसा गेला ते त्यांना सांगता येणार नाही. साडेपाचपर्यंत सेनापतीची सावली तर गेली होतीच, वर घोडा गेला, बूट गेले आणि पदक चोरानं एका शेळीच्या गळ्यात बांधलं. यातलं काही एकशे बारा पानांत नव्हतं. पानांत सेनापती सोळा लढाया जिंकणार होता. इथं तो अनवाणी छपरावरून चोरामागे पळत होता, आणि पळवत होते स्वतः ठरावकर, कुणी सांगितलं नव्हतं. 'सेनापतीनं धुराड्याच्या काठावर पाय ठेवला,' असं त्यांनी लिहिलं. 'धुराड्याची वीट सुटी होती,' असं कोळिष्टकानं लिहिलं. ठरावकरांनी एक मोठा श्वास घेतला आणि टंकलं, 'सेनापती कमरेपर्यंत आत गेला आणि अडकला.' मग स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"मस्त," कोळिष्टक म्हणालं. "मला आता निघायला हवं. पुढचं बुधवारी साडेसहाला. आणि ऐक, मधल्या काळात काहीही लिहून ठेवायचं नाही. ती एकशे बारा पानं उघडायचीसुद्धा नाहीत."

बुधवारी. म्हणजे दुसऱ्या कुणाला हो सांगायचं राहिलं. ठरावकरांचा जीव भांड्यात पडला, आणि पडता पडताच त्यांना सेनापतीची आठवण झाली. त्यांनी घाईघाईनं विचारलं, 'तोपर्यंत तो धुराड्यातच?'

"हो."

'धुराडं किती रुंद आहे, निदान एवढं कळेल का?'

"नाही."

आणि कोळिष्टकाच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

ठरावकर फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. ताईचा मटार सोलून झाला होता, ती साली गोळा करत होती. काय झालं, असं तिनं विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं, सावली, घोडा, बूट, शेळी, धुराडं. ताई ऐकत राहिली. ग्रंथपालबाईंच्या चेहऱ्यावर पुस्तक परत करायला विसरलेल्या मुलाला बघताना जे यायचं, ते हळूहळू गेलं आणि त्या जागी निराळंच काही आलं.

"बाहेर कसा पडणार मग?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," ठरावकर म्हणाले, आणि अशा तोऱ्यात म्हणाले, जणू छातीवर नवं पदक लावलंय.

"डोकं वर आहे की खाली?"

"वर. पाय आत."

ताईनं साली पिशवीत भरल्या, पिशवीचं तोंड बांधलं आणि गाठ नीट बसली का ते पाहिलं. "आणि समजा," ती म्हणाली, "खाली त्या घरात राहतं कुणीतरी. त्यांनी संध्याकाळी चूल पेटवली तर?"

ठरावकरांचा तोरा उतरला. खाली घर असणार, घरात माणसं असणार आणि माणसांना संध्याकाळी चूल लागणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी फोन उघडला. ठिपका विझलेलाच होता. अर्ज करायचा तर कुणाकडे करायचा, त्याचा नमुना कुठला, काही कळेना. ताई मात्र खुर्ची ओढून पुन्हा बसली, दुखरा पाय स्टुलावर ठेवला आणि त्या घरात कोण कोण राहत असेल याचा विचार करायला लागली. बुधवारला अजून तीन दिवस होते.